हात तेवढा दे

कन्हेरी नदी जिथे खडकाला वळसा घालून जराशी संथ होते, तिथे भोगाळे नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर वेळूचे बेट. आयुष्याची शेवटची एकवीस वर्षे महाराज त्या बेटातल्या झोपडीत राहिले. आपले नाव त्यांनी कुणाला सांगितले नाही. वेळूत बसतात म्हणून लोकच त्यांना वेळूनाथ म्हणू लागले, आणि महाराज त्या नावालाही ओ देऊ लागले.

इतरत्र साधुपुरुषांच्या दारी दिवेलागणीला गर्दी जमते. भोगाळ्यात उलटे होते. दिवसभर कुणीही यावे, बसावे, रडावे, दमला असेल तर वेळूच्या सावलीत आडवे व्हावे. महाराज काही विचारत नसत. पण सूर्य टेकडीला टेकला की ते काठीच्या आधाराने उठत आणि एकेकाला घरी धाडत. भजनाचा चरण अर्धा राहिला तर तो अर्धाच राही. एका म्हाताऱ्या भक्ताला हे रुचेना. देवाचे नाव असे मधेच टाकून कसे उठावे, असे त्याने विचारले. महाराज म्हणाले, "देव शोधायला निघालो तेव्हा आईला म्हणालो होतो, संध्याकाळपर्यंत येतो. बारा वर्षांनी गेलो. उंबऱ्याशी पणती होती. तेल नव्हते, वात नव्हती, आईही नव्हती."

ती रिकामी पणती पाहिली त्या दिवसापासून महाराजांनी कुणाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. हे गावाला ठाऊक होते, म्हणून कुणी त्यांना घरी बोलावण्याचा आग्रहही करत नसे.

त्याच भोगाळ्यात दोन भाऊ राहत, येसोबा कासार आणि लिंबाजी कासार. त्यांचा बाप डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन उन्हापावसात फिरला आणि तशाच एका वाटेवर बसल्या जागी गेला. थोरल्या येसोबाने तेव्हाच ठरवले होते की आपल्या डोक्यावर पेटी राहणार नाही. त्याने गाडी केली, बैल केले, दोरीत ओवलेल्या बांगड्यांची मलारेच्या मलारे तो लांबलांबच्या जत्रांना नेऊ लागला. हात मात्र त्याचा खरोखर देवाने दिलेला होता. कितीही कष्टाने राठ झालेला हात असो, तो असा हळुवार दाबायचा की बांगडी पाण्यातून सरकावी तशी चढायची. डोळे मिटून नुसता हात हाती घेतला तरी तो सांगे की ही अमक्या गावची, अमक्याची सून, गेल्या सालापेक्षा वाळली आहे. चाळीस गावांत त्याचा हा लौकिक होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

धाकट्या लिंबाजीकडे बापाची जुनी पेटीच होती. तो जवळची चार गावे करी. महाराजांचा शब्द त्याने मनावर घेतला होता. दिवेलागणीला तो घरी असे, बायको वात लावताना शेजारी उभा राही, पोरांना मांडीवर घेई. कमाई बेताची. येसोबा गावात असला की पारावर त्याची हटकून टिंगल होई.

"आमचा लिंब्या म्हणजे कोंबडा," येसोबा म्हणे, "ऊन उतरलं की खुराड्यात."

लोक हसत. लिंबाजीही हसे, पण त्याचे कान लाल होत. येसोबाची जीभ महाराजांनाही सोडत नसे. ज्याला बायको ना पोर, त्याने आम्हाला संसार शिकवायचा, असे तो उघड म्हणे. महाराजांच्या कानावर ते जाई. महाराज म्हणत, "खरेच बोलतो तो. मला उशीर झाला, म्हणूनच सांगतो."

येसोबाला एकच लेक होती, मैना. नऊ वर्षांची. येसोबा वाईट माणूस नव्हता, मंडळी. ही सगळी वणवण तो तिच्याचसाठी करत होता. तिला चांगले घर मिळावे, तिच्या लग्नात कुणी कासाराच्या पेटीकडे बोट दाखवू नये, एवढेच त्याच्या मनात होते. एवढे साल फिरतो, मग घरी बसतो, असे तो दरसाल म्हणे. त्याची बायको भागीरथी पहिली काही वर्षे ते ऐकून घेई. पुढे पुढे तिने मान हलवणेही सोडले. पहाटे जात्यावर बसली की मात्र तिच्या तोंडून निघे,

गावोगावीचा गं चुडा, भरी माझा भरतार
माझ्या मैनेचं मनगट, सुनं बघतंया दार

आणि ते खरेच होते. नागपंचमीला आमच्याकडे लेकीबाळी नवी काकणे भरतात. तोच कासाराच्या धंद्याचा भर. येसोबा त्या दिवसांत कधीच घरी नसे. आदल्या साली त्याने एका गाडीवानाबरोबर मैनेसाठी बांगड्या पाठवल्या होत्या. माप त्याच्या आठवणीतले होते, आणि आठवणीतली मैना सहा वर्षांची होती. भागीरथी चढवायला गेली तेव्हा पहिलीच बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली आणि वाढवली. फुटली असे आपण म्हणत नाही. काच खोल गेली. जखम भरली तरी अंगठ्याखाली चंद्रकोरीसारखा व्रण राहिला. पुढे येसोबा आला तेव्हा भागीरथीने त्याला एवढेच सांगितले की बांगड्या लहान झाल्या. तो हसला. "पुढल्या पंचमीला मी स्वतः बसून भरीन," तो लेकीला म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी परत गेला.

मैनेने तो शब्द धरून ठेवला. वर्षभर तिने हातात काही घातले नाही. लिंबाजी म्हणे, मैने, ये, दोन भरतो. ती हात पाठीमागे घेई. "बाबा भरणार आहेत."

पंचमीला तीन दिवस उरले होते. येसोबा घरी आला होता, आणि मैनेने आपले हात घासूनपुसून ठेवले होते. पण सकाळी अंगणात गाडी जुंपलेली दिसली. नदीपलीकडे बारा कोसांवर नागझरीची जत्रा भरते. तिथल्या मोठ्या वडाखालची जागा येसोबाला यंदा प्रथमच मिळाली होती. ती सोडली तर पुन्हा मिळणार नव्हती. त्याने लिंबाजीलाही बोलावले. गाडीत अर्धी जागा तुझी, चार दिवसांत वर्षाची ददात मिटेल, असे म्हणाला. लिंबाजीने मान खाली घालून नाही म्हटले. येसोबाने गाडीवर चढत पारावरच्या लोकांना ऐकू जाईल असे म्हटले, "राहू दे. कोंबड्याला जत्रेत कोण राखत बसणार?"

मैना चाकाशी उभी होती. येसोबाने वाकून तिच्या गालाला हात लावला. "पंचमी झाली की आलोच. मग दोन्ही हात भरू."

"पंचमी झाल्यावर?" ती म्हणाली. पण बैल चालू लागले होते.

दुसऱ्या दिवशी मैनेला ताप भरला. पंचमीच्या आदल्या दिवशी तो इतका चढला की तिच्या अंगावर ठेवलेले ओले फडके हा हा म्हणता सुकू लागले. वैद्यांनी काढा दिला, पण तिने दात मिटून घेतले होते. दोन्ही हातांच्या मुठीही मिटलेल्या. संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर आपल्या हाती काही नाही, असे वैद्यांनी लिंबाजीला बाजूला घेऊन सांगितले.

लिंबाजी भावाला आणायला निघाला. नदीने दोन्ही काठ गिळले होते. नावाडी नाव सोडायला तयार होईना. लिंबाजीने त्याचे पाय धरले तेव्हा नावाड्याने त्याला काठावर नेऊन नुसते पाणी दाखवले. लिंबाजी चिखलातून परत आला. पेटी उघडून त्याने चांगल्यातल्या चांगल्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि मैनेजवळ बसला. मी भरतो गं, म्हणाला. तिने डोळे न उघडता मूठ आणखी आवळली.

भागीरथी भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवस तिचा डोळा लागला नव्हता. ती दिराला म्हणाली, "भावोजी, आता राहू द्या. मी ह्यांना हाका मारून दमले, तीही दमली."

तेव्हा लिंबाजी उठला आणि वेळूच्या बेटाकडे गेला. महाराज दारातच उभे होते. पाऊस झिमझिम पडत होता. लिंबाजी एवढेच म्हणाला, "महाराज, मी दिवेलागणीला घरी असतो. तुमचं ऐकलं. पण तिचा बाप घरी नाही, आणि तिला बापच पाहिजे. मी कितीही घरी बसलो तरी मी तिचा बाप होत नाही."

महाराजांनी काठी उचलली. त्यांचे गुडघे तेव्हा पार गेलेले होते; बेटापासून गावापर्यंतची वाट चालायला त्यांना बराच वेळ लागला. लिंबाजी आधार द्यायला गेला तर त्यांनी त्याला पुढे हो म्हटले. येसोबाच्या दाराशी आल्यावर ते थांबले. उंबऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय उचलला आणि आत आले.

ते मैनेच्या अंथरुणाशी बसले. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "मैने, बाबा नागझरीला आहेत. जायचे का?"

तिचे ओठ हलले. "पाय दुखतात."

"पाय राहू दे इथेच," महाराज म्हणाले. "हात तेवढा दे."

आणि त्या पोरीने, जिची मूठ दोन दिवस कुणाला उघडता आली नव्हती, उजवी मूठ उघडून हात महाराजांच्या ओंजळीत दिला. महाराजांनी डोळे मिटले. भागीरथी पुढे जन्मभर सांगत असे की त्या वेळी महाराजांच्या ओंजळीत हात दिसत होता, पण तिने त्याला स्पर्श केला तेव्हा तिच्या बोटांना काहीच लागले नाही.

त्याच घटकेला नागझरीला येसोबा वडाखाली मांडी घालून बसला होता. सकाळपासून तो उठला नव्हता. पाठ दुखायची थांबून बधिर झाली होती. समोर बायकांची दाटी. हात पुढे यायचा, तो तेल लावून दाबायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, बांगड्या चढवायचा, हात जायचा, दुसरा यायचा. कुणाच्या तोंडाकडे बघावे तर मान वर करावी लागे, आणि तेवढी उसंत त्याला नव्हती. कुणाची सून आणि कुणाची लेक हे आज तो ओळखत नव्हता. सगळे हात एकसारखे झाले होते.

त्यात एक लहान हात आला. तापल्या तव्यासारखा. येसोबाने तो धरला आणि त्याचा अंगठा व्रणावर पडला. तो मान खाली घालूनच पुटपुटला, "कुण्या अडाण्यानं भरल्या होत्या गं? पोरीच्या हाताचं माप तरी बघावं माणसानं." मग त्याने हिरव्या बांगड्या चढवल्या, तिसरी पिवळी. ती त्याची खूण होती. चाळीस गावांत दुसरा कुणी तिसरी पिवळी घालत नसे. शेवटी आशीर्वादाची एक वर घातली. तेव्हा त्या लहान बोटांनी त्याचे बोट घट्ट धरले.

"सोड बाळ," येसोबा म्हणाला. "मागं रांग आहे."

बोटे सुटली नाहीत. त्याने आपले बोट ओढून घेतले. "दुसरा हात दे," म्हणाला. दुसरा हात आला नाही. काकणे भरली की बाई कासाराला वाकून नमस्कार करते, तोही कुणी केला नाही. त्याने मान वर केली. समोर एक थोराड बाई आपला हात पुढे करून उभी होती.

इकडे भोगाळ्यात, महाराजांच्या ओंजळीत काच किणकिणली. लिंबाजीने बघितले आणि तो खाली बसला. मैनेच्या उजव्या मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या, तिसरी पिवळी. दादाचीच खूण. मैनेच्या कपाळावर घामाचे थेंब आले, मग मानेवर, मग सारे अंग भिजले. काढा तिने आपणच मागून घेतला. महाराज उठले, तेव्हा भिंतीला धरून उठले. ताप उतरला होता, आणि ते मात्र फार थकलेले दिसत होते. दारात वळून भागीरथीला म्हणाले, "आई, वात लावायची वेळ झाली."

पंचमीनंतर चौथ्या दिवशी पाणी ओसरले आणि येसोबा आला. गाडी रिकामी, कमरेचा पैशांचा कसा जड, डोळे खोल गेलेले. उद्या पुन्हा निघायचे होते. लिंबाजी अंगणात बसून पोरांच्या खेळातल्या बांगड्यांच्या काचा वेचत होता. येसोबा ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि जत्रेचे सांगू लागला. सगळे चांगले झाले, एकच गोष्ट मनाला लागली. "एक कार्टी भरून घेऊन पळाली. मोल नाही, नमस्कार नाही. वर माझंच बोट धरून बसली. अशा पोरांना बाप काय शिकवतो कोण जाणे."

भागीरथी चुलीपाशी थिजल्यासारखी उभी राहिली. लिंबाजीने मान खाली घातली. मैना आतून भिंत धरत धरत आली. अंगात अजून चालायचे बळ नव्हते. ती बापासमोर उभी राहिली आणि तिने उजवा हात पुढे केला.

"मी पळाले नाही, बाबा. तुम्हीच म्हणालात, सोड, मागं रांग आहे."

येसोबाने तो हात हातात घेतला. आता तो थंड होता. तिसरी पिवळी. त्याने अंगठा फिरवला, तो व्रणावर थांबला. मग त्याने बायकोकडे बघितले. तिने पंचमीच्या आदल्या दिवशीचे सगळे सांगितले, आणि शेवटी हेही सांगितले, की तो व्रण गेल्या सालच्या बांगड्यांचा आहे. तिच्या आवाजात राग नव्हता. ती फक्त सांगत होती.

येसोबा म्हणाला, "चाळीस गावांचे हात ओळखतो मी." एवढे बोलून तो उठला.

तो तसाच, पायांवरची धूळ न धुता, वेळूच्या बेटाकडे निघाला. पारावरून जाताना लोकांनी जत्रेचे विचारले. त्याने ऐकले नाही. महाराज झोपडीच्या भिंतीला टेकून बसले होते. येसोबाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि ते उचलले नाही. महाराज, मी तुम्हाला नको ते बोललो, असे तो म्हणू लागला. ते बोलणे रडण्यात मिसळून गेले. हे सगळे मी तिच्यासाठीच करत होतो, हेही तो म्हणाला, अगदी लहान पोराने म्हणावे तसे.

"ठाऊक आहे," महाराज म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, ज्या ठिकाणी ती दुखत होती तिथेच. "मीही देवासाठीच गेलो होतो. ऊठ. तिचा एक हात राहिला आहे ना?"

येसोबाने वर बघितले. टेकडीच्या कडेला ऊन थोडेसेच उरले होते. महाराजांनी काठीने गावाकडची वाट दाखवली. इतरांना दाखवत तशीच.

घराजवळ लिंबाजी वाट बघत उभा होता. येसोबा त्याच्यापुढे आला, धाकट्या भावापुढे वाकला, आणि लिंबाजीने घाईने त्याचे खांदे धरले तेव्हा म्हणाला, "लिंब्या, तुझ्या खुराड्यात आणखी एका कोंबड्याला जागा होईल का रे?"

लिंबाजी हसला. या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत.

भागीरथी वात लावत होती. येसोबाने गाडी सोडली, बैलांना चारा टाकला, हातपाय धुतले आणि लेकीसमोर मांडी घालून बसला. "दुसरा हात दे, मैने." तिने डावा हात दिला. त्याने आधी तिचा चेहरा बघितला. केव्हापासून बघितला नव्हता कुणास ठाऊक; पुढचा एक दात पडून नवा आला होता, तेही त्याला तेव्हाच कळले. मग तेल लावून, एकेक करून, त्याने बांगड्या चढवल्या. बारा कोसांवर जे काम त्याने चुटकीसरशी केले होते, त्याला घरी इतका वेळ लागला की भाकरी गार झाल्या. शेवटची, आशीर्वादाची चढवली तेव्हा मैनेने त्याचे बोट धरले आणि ती तशीच त्याच्या मांडीवर झोपली. त्याचा पाय बधिर झाला. भागीरथीने जेवायला बोलावले. त्याने मानेनेच थांब म्हटले.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली नाही. पुढे ती निघाली तरी सूर्य टेकडीला टेकण्याआधी परतता येईल एवढ्याच गावांना गेली. वडाखालची जागा दुसऱ्या कासाराला गेली. येसोबाने तिची चौकशीही केली नाही, असे भोगाळ्यात सांगतात.

तर ऐकणाऱ्यांनो, महाराजांची ही कथा इथवर आहे. अजून सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण बाहेर ऊन उतरले असेल, तर ही पोथी आहे तिथेच मिटा आणि घरी जा. अर्धवट राहिली म्हणून महाराज रागावणार नाहीत.